अल्केन काहीच करत नाहीत, मग सिलिंडर पेटतो कसा? (अकरावी रसायनशास्त्र, मदत हवी)

पाटीपेन्सिल

लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता सगळं इंग्रजीतून. मी स्वतः कॉमर्सची, त्यामुळे ती मोठ्यानं वाचते आणि मी भाजी निवडत ऐकते, एवढीच माझी मदत. सध्या हायड्रोकार्बनचा धडा चालू आहे. ऐकता ऐकता आम्हा दोघींनाही काही गोष्टी अडल्या आहेत.

१. अल्केन (म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे, सगळे बंध एकेरी असलेले रेणू) म्हणे फारशी अभिक्रियाच करत नाहीत. आम्ल घाला, अल्कली घाला, पोटॅशियम परमँगनेट घाला, ढिम्म. आणि पुढच्याच पानावर लिहिलंय की ते उत्तम इंधन आहेत! मग ते सुस्त की तापट?

२. दहावीला तिनं पाठ केलं होतं की संपृक्त (सगळे एकेरी बंध असलेले) हायड्रोकार्बन निळ्या, स्वच्छ ज्योतीनं जळतात आणि असंपृक्त (दुहेरी-तिहेरी बंध असलेले) पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीनं. परवा लाइट गेली म्हणून मेणबत्ती लावली, तर ती म्हणाली, "आई, मेण तर अल्केनच आहे ना? मग ही पिवळी का?" क्लासमध्ये विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "परीक्षेत पुस्तकातलंच लिही." तेव्हापासून ती जरा हिरमुसली आहे.

३. पेंटेनचे, म्हणजे पाच कार्बनच्या अल्केनचे, तीन समघटक (अणू तेच, जोडणी वेगळी). फांद्या वाढल्या की उत्कलनांक कमी होतो, हे तिला पटलं. पण द्रवणांकाच्या रकान्यात तिसरा समघटक एकदम वर उडी मारतो. छपाईची चूक आहे का?

कुणी नीट उलगडून सांगेल का? सूत्रं तिला येतात. कारणं हवी आहेत.

खडूफळा

ताई, तुमच्या लेकीला आधी शाबासकी सांगा. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला शिकवलं, मेणबत्तीचा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला. तिन्ही प्रश्न अस्सल आहेत आणि तिन्हींची उत्तरं रेणूच्या आकारात आणि बंधांत आहेत. म्हणून आधी हातानं रेणू करू या.

रात्री मूठभर काबुली चणे भिजत घाला. सकाळी टूथपिक घ्या. एक चणा म्हणजे एक कार्बन. त्याला चार काड्या टोचायच्या, पण अशा की प्रत्येक काडी बाकीच्या तिघींपासून जास्तीत जास्त लांब राहील. मुलं पहिल्यांदा अधिकच्या चिन्हासारख्या टोचतात, कारण पुस्तकात कागदावर तसंच काढलेलं असतं. त्या काड्यांमध्ये ९० अंश राहतात. आता तीन काड्या तिवईच्या पायांसारख्या खाली आणि एक उभी वर करा. झालं, कुठल्याही दोन काड्यांमध्ये १०९.५ अंश. हा चतुष्फलकीय आकार. व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी स्वतंत्रपणे १८७४ साली तो सुचवला, तोही रेणू पाहण्याचं कुठलंही साधन हाताशी नसताना.

काड्यांच्या टोकांना मटार लावले की मिथेन. दोन चणे एका काडीनं जोडले की इथेन, तीन जोडले की प्रोपेन. तीन चण्यांची साखळी सरळ राहत नाही, वाकडी होते, हे तिला बोटांना कळू द्या. फळ्यावर आम्ही सरळ रेघ काढतो ती निव्वळ सोयीसाठी. आणि मटार मोजायला लावा. चणे जितके, त्याच्या दुपटीत दोन मिळवले की मटारांची संख्या येते. प्रत्येक चण्याला दोन आणि साखळीच्या दोन टोकांना एकेक जास्तीचा. हे एकदा मोजलं की सामान्य सूत्र पाठ करावं लागत नाही.

आता पहिला प्रश्न. चण्याच्या चारही काड्या भरलेल्या आहेत, नवा पाहुणा बसायला जागा नाही. कार्बन आणि हायड्रोजन दोघांची इलेक्ट्रॉनची ओढ जवळपास सारखी, त्यामुळे रेणूत कुठे ठळक धन टोक नाही, ऋण टोक नाही. आम्ल-अल्कली जिथे पकड घेतात, ती जागाच इथे नाही. शिवाय बंधही मजबूत: मिथेनचा एक कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात. अल्केनना पूर्वी पॅराफिन म्हणत. लॅटिनमध्ये 'पारुम' म्हणजे थोडी आणि 'आफिनिस' म्हणजे जवळीक असलेला. कुणाशी फारसं सूत न जुळणारा, असं ते नाव.

पण सुस्त असणं वेगळं आणि पोटात ऊर्जा नसणं वेगळं. मिथेन आणि ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झालं की एका मोलमागे, म्हणजे अवघ्या १६ ग्रॅममागे, ८९० किलोज्यूल उष्णता सुटते. उतार मोठा आहे, पण उताराच्या तोंडाशी बांध आहे. तो ओलांडायला काडीची ज्योत किंवा ठिणगी लागते. एकदा काही रेणू पलीकडे गेले की त्यांचीच उष्णता पुढच्यांना बांधावरून ढकलते. म्हणून स्वयंपाकघरात गॅस आणि हवा शेजारी नांदतात आणि लायटर मारल्यावरच पेट घेतात.

रँकहवी

सरांचा आदर राखून सांगतो. सीईटीला एका प्रश्नाला एक-दीड मिनिट मिळतं. चणे-मटार करत बसलं तर धडे कधी संपणार? मी मागच्या वर्षी दिली. अल्केनवर ठरावीक प्रश्न येतात: वुर्ट्झ अभिक्रिया, सोडालाइम, नावं, समघटकांची संख्या. तक्ता करून पाठ करा, पुढे चला.

काचनळी

रँकहवी, समघटकांची संख्या पाठ करणार म्हणजे कुठवर? ब्युटेनचे २, पेंटेनचे ३, हेक्झेनचे ५, हेप्टेनचे ९, ऑक्टेनचे १८, डेकेनचे ७५. वीस कार्बनला हा आकडा ३,६६,३१९ होतो.

मी प्रयोगशाळेत काम करते. हेक्झेनचे समघटक काढायला सांगितले की मुलं सात-आठ काढतात, कारण तीच साखळी वाकवून काढली की त्यांना ती नवी वाटते. '२-इथिलब्युटेन' तर दरवर्षी एखाद्या वहीत असतंच. चणे जोडून पाहिलं की लगेच दिसतं की सगळ्यात लांब साखळी पाच कार्बनची आहे, आणि हा तर ३-मिथिलपेंटेन. तो वेळ वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट, कारण प्रात्यक्षिकात ही हमखास चुकते. हेक्झेनमध्ये ब्रोमीन वॉटर (असंपृक्त संयुग ओळखायला वापरतात ते नारिंगी पाणी) घालून हलवलं की खालच्या पाण्याचा रंग जातो. मुलं लिहून मोकळी होतात, "रंग गेला, म्हणून संयुग असंपृक्त." अरे, वर बघा! हेक्झेन पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वर तरंगतं, आणि ब्रोमीन पाण्यातून उठून त्या थरात जाऊन बसलेलं असतं. वरचा थर नारिंगी दिसतो. ब्रोमीननं फक्त घर बदललं, अभिक्रिया झालेली नाही.

एका वर्षी मात्र मीच गोंधळले होते. एका गटाच्या परीक्षानळ्या खिडकीत उन्हात राहिल्या आणि काही वेळानं वरच्या थराचाही रंग खरोखर उडाला. बाटलीत भेसळ आहे समजून मी बाटली बदलली, तरी तेच. मग तीच नळी कपाटात अंधारात ठेवून पाहिली. रंग जसाच्या तसा. फरक फक्त उन्हाचा होता. खडूफळा सर, हे तुम्ही सांगा ना, तुम्ही वर प्रतियोजनाला, म्हणजे हायड्रोजनच्या जागी दुसरा अणू बसण्याला, हातच लावला नाहीत.

खडूफळा

काचनळी, मुद्दाम ठेवलं होतं. अल्केनच्या धड्यातला हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

मिथेन आणि क्लोरीन अंधारात, थंड जागी एकत्र ठेवले तर काही होत नाही. ऊन पडलं की सुरू. मिथेनचा बंध चिवट, पण क्लोरीन-क्लोरीन बंधाला मोलमागे २४२ किलोज्यूलच लागतात, आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात तेवढा जोर असतो. रेणू फुटतो आणि दोन क्लोरीन अणू सुटे होतात, प्रत्येकाकडे एकेक एकटा इलेक्ट्रॉन. यांना मुक्त मूलक म्हणायचं.

पुढचं मी वर्गात खो-खोवरून सांगत असे. सुटा क्लोरीन धावत येतो, मिथेनचा एक हायड्रोजन घेतो आणि हायड्रोजन क्लोराइड होऊन बसतो. पण बसताना मिथेनला 'खो' देतो. आता एकटा इलेक्ट्रॉन मिथिलकडे आला, म्हणजे तो उठून धावणार. तो क्लोरीनच्या एका अखंड रेणूला गाठतो, त्यातला एक अणू घेऊन क्लोरोमिथेन होऊन बसतो आणि उरलेल्या क्लोरीन अणूला खो देतो. तो पुन्हा नव्या मिथेनकडे. एका प्रकाशकणानं सुरू झालेला खो हजारो वेळा पुढे जातो. धावणारे दोघं एकमेकांवरच आदळले आणि जोडी झाली, की खो द्यायला कुणी उरत नाही आणि ती साखळी थांबते.

आता मुलांना न सांगताही कळतं की एकच उत्पादित का मिळत नाही. क्लोरोमिथेनलाही अजून तीन हायड्रोजन आहेत, त्यालाही खो बसणारच. म्हणून डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड असं सगळं मिश्रण होतं. एकच हवा असेल तर मिथेन भरपूर आणि क्लोरीन थोडा ठेवायचा.

क्लोरीनच्या भावंडांचे, म्हणजे हॅलोजनांचे, स्वभावही निरनिराळे. फ्लोरीन स्फोटक, आयोडीन जवळजवळ नाहीच. प्रोपेनमध्ये टोकांचे हायड्रोजन सहा आणि मधले दोन. निव्वळ संख्येवर गेलं तर मधल्या जागी पाव हिस्सा यायला हवा. क्लोरीनच्या बाबतीत तिथे निम्म्याहून थोडं जास्त जातं, आणि ब्रोमीनच्या बाबतीत सुमारे ९७ टक्के! मधल्या कार्बनवर तयार होणारं मूलक अधिक स्थिर असतं. घाईतला क्लोरीन मिळेल ते उचलतो, सावकाश ब्रोमीन निवडून घेतो.

रँकहवी, सीईटीत नेमका हाच प्रश्न फिरवून विचारतात. तुमच्या पिढीवर वेळेचा ताण आहे हे मला दिसतं, पण कारण कळलेलं असेल तर फिरवलेला प्रश्न अडत नाही.

उरणची खाडी

मी गॅस प्रक्रिया प्रकल्पात काम करतो, त्यामुळे मिथेन ते पेंटेन ही मंडळी रोजच्या ओळखीची. मुंबई हायचं क्षेत्र १९७४ साली सापडलं आणि तिथला गॅस समुद्राखालच्या वाहिनीनं उरणला येऊ लागला. आम्ही करतो काय, तर गॅस दाबून आणि गार करून एकेकाला वेगळं काढतो. ते जमतं ते उत्कलनांकांतल्या अंतरामुळेच: मिथेन उणे १६१.५, इथेन उणे ८८.६, प्रोपेन उणे ४२, ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअस. साखळी लांबली की रेणूंची एकमेकांना चिकटायची जागा वाढते, म्हणून आकडा चढत जातो.

ताईंना घरातलंच उदाहरण देतो. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. नेहमीच्या हवेत दोन्ही वायू, पण दाबाखाली द्रव होतात, म्हणून १४.२ किलो माल त्या टाकीत मावतो. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. तो नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही, म्हणून तो नळानं येतो.

सिलिंडर काढून पाइपचा गॅस घेतला की माणूस येऊन शेगडीचे जेट बदलून जातो ना? त्यातही अल्केनच आहेत. सारख्या आकारमानात रेणू सारखेच असतात, पण मिथेनच्या मोलमागे ८९० किलोज्यूल मिळतात, तर प्रोपेनच्या मोलमागे सुमारे २२२० आणि ब्युटेनच्या सुमारे २८७८. तेवढीच आच हवी तर मिथेन जास्त सोडावा लागतो, म्हणून भोक मोठं.

आणि हे कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, गळला तर वर छताकडे जातो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत साचतो, ओट्याखाली, मोरीत. या वायूंना स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळलेलं असतं. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. खडूफळा सर म्हणतात तो बांध ओलांडायला बटणातली ठिणगी पुरते.

पाटीपेन्सिल

खो-खो वाचून ती अंथरुणातून उठून बसली! "म्हणजे सूर्यानं पहिला खो दिला," म्हणाली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मेणबत्तीचं मात्र राहिलंय, त्याची ती वाट बघते आहे.

काचनळी

मेणबत्तीचं मी सांगते. पुस्तकातलं वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. ज्योतीचा रंग ठरतो तो कार्बनला वेळेवर किती ऑक्सिजन मिळाला यावर. असंपृक्त संयुगांत हायड्रोजनच्या मानानं कार्बन जास्त, म्हणून सारख्या परिस्थितीत त्यांची काजळी जास्त. 'सारख्या परिस्थितीत' हे शब्द गळले की गोंधळ होतो.

मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे २ रेणू पुरतात, प्रोपेनला ५. मेणबत्तीच्या मेणात साधारण वीस ते चाळीस कार्बनच्या साखळ्या असतात. पंचवीस कार्बनचा रेणू धरला, तर त्या एकट्याला ३८ हवेत. शिवाय शेगडीत गॅस जेटमधून सुटताना बाजूची हवा ओढून घेतो आणि आधी मिसळून मग जळतो. मेणबत्तीला ती सोय नाही. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते, आणि हवा फक्त बाहेरून मिळते. ज्योतीच्या पोटात ऑक्सिजन पोचायच्या आत त्या लांब साखळ्या उष्णतेनं तुटतात, हायड्रोजन सुटतो, कार्बनचे बारीक कण होतात. ते तापून चमकतात, तोच पिवळा उजेड. म्हणजे ज्योतीच्या आत संपृक्त मेणाचं आधी असंपृक्त होतं आणि मग काजळी.

घरी करून बघा, तुम्ही शेजारी असताना. स्टीलच्या जुन्या चमच्याची पाठ पिवळ्या भागात दोन सेकंद धरा, काळी होईल. मग गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. आणि मेणबत्ती विझवल्या विझवल्या वर जाणारा पांढरा धूर आहे ना, त्याला बोटभर वरून जळती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उडी मारून वात पेटवते, कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफच, थंड होऊन गोठत असलेली.

जाईजुई

एक पोटतिडकीची विनंती. गॅसची ज्योत पिवळी झाली, भांडी काळी पडायला लागली, तर बर्नर साफ करून घ्या. हवा कमी पडली की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. आमच्या नात्यातली एक तरुण मुलगी बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरनं गेली. हिवाळा होता, म्हणून झरोका पुठ्ठा लावून बुजवला होता. अपुऱ्या ज्वलनाचं समीकरण दोन गुणांना येतं. मुलांनी ते लिहावंच, पण लिहून झाल्यावर उठून घरचा झरोका बघून यावा.

खडूफळा

जाईजुई, वाचून सुन्न झालो. हे प्रत्येक वर्गात सांगायला हवं.

आता तिसरा प्रश्न. छपाईची चूक नाही. सरळ पेंटेन ३६ अंशांना उकळतं, २-मिथिलब्युटेन २८ ला आणि २,२-डायमिथिलप्रोपेन, म्हणजेच निओपेंटेन, ९.५ ला. शेवया एकमेकींना लांबीभर चिकटतात, लाडू एका ठिपक्यापुरते टेकतात. म्हणून गोल रेणू लवकर सुटतो.

वितळण्याचा हिशेब मात्र वेगळा. तिथे प्रश्न असतो की घन अवस्थेत रेणू किती नीट रचले जातात. निओपेंटेन चारही बाजूंनी सारखा, कसाही फिरवला तरी रचनेत बसतो. म्हणून तो उणे १६.६ ला वितळतो, तर सरळ पेंटेन उणे १२९.७ ला, आणि वेडावाकडा २-मिथिलब्युटेन उणे १६० ला. गंमत बघा, निओपेंटेन जेमतेम २६ अंशांच्या पट्ट्यात द्रव असतो.

सरळ साखळ्यांतही रचण्याचा परिणाम दिसतो. ब्युटेन उणे १३८, पेंटेन उणे १३०, हेक्झेन उणे ९५, हेप्टेन उणे ९१, ऑक्टेन उणे ५७. पायऱ्या मोजा: लहान, मोठी, लहान, मोठी. सम कार्बनच्या साखळ्यांची टोकं शेजारणींशी जास्त चांगली जुळतात.

विनिपेगवासी

इकडे कॅनडात थंडीत उणे ३० सहज होतं. बाहेर शेगडीला नुसतं ब्युटेन लावलं तर ज्योत येतच नाही, कारण ते शून्याखाली उकळतच नाही, डब्यात द्रव म्हणून पडून राहतं. म्हणून डोंगरात नेतात त्या डब्यांत आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. आयसोब्युटेन उणे ११.७ ला उकळतं. अणू तेच, संख्या तीच, फक्त एक फांदी, आणि तेवढ्यावर चहा होतो की नाही ते ठरतं. अंगणातल्या मोठ्या टाक्यांत मात्र प्रोपेनच.

लेकीला हेही सांगा की शनीच्या टायटन या चंद्रावर तापमान उणे १७९ च्या आसपास असतं. मिथेन उणे १८२ ला गोठतो आणि उणे १६१ ला उकळतो, म्हणजे तिथे तो नेमका द्रव राहतो. पाऊस मिथेनचा, तळी मिथेनची. ह्युजेन्स यान १४ जानेवारी २००५ ला तिथे उतरलं.

रँकहवी

उत्कलनांक आणि द्रवणांक मी वेगवेगळे तक्ते म्हणून पाठ केले होते. शेवया-लाडू आणि रचण्याची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. सर, ऑक्टेन नंबरचा आणि फांद्यांचा काही संबंध आहे का?

खडूफळा

आहे ना. इंजिनात सरळ साखळ्या दाबानंच वेळेआधी पेटतात आणि ठकठक आवाज येतो. फांद्यांचे रेणू धीर धरतात. म्हणून सरळ हेप्टेनला शून्य आणि २,२,४-ट्रायमिथिलपेंटेनला १०० धरून पेट्रोलची प्रत मोजतात. रिफायनरीत सरळ साखळ्यांना उष्णता आणि उत्प्रेरक देऊन फांद्यांचं करतात, ती समघटकीकरणाची अभिक्रिया तुमच्या पुस्तकात आहेच.

पाटीपेन्सिल

रविवार सगळा चण्यांत गेला. चमचा काळा झाला, धुरावरून ज्योत उतरली, तेव्हा ती अक्षरशः ओरडली. निओपेंटेन ओट्यावर ठेवलंय, कुठूनही बघितलं तरी सारखंच दिसतं.

नंतर तिनं आपल्या मनानंच तीन चणे त्रिकोणात जोडले. जमलं, पण काड्या तिरक्या टोचाव्या लागल्या आणि थोड्या वेळानं एक चणा फाटून त्रिकोण उघडला. सहा चण्यांचं कडं मात्र छान टिकलं, तेही सपाट नाही, आरामखुर्चीसारखं. ती विचारतेय, तिचं काही चुकलं का?

खडूफळा

काही चुकलं नाही. त्रिकोणात कोन ६० अंशांचा आणि चण्याला हवेत १०९.५. तो फाटलेला चणा म्हणजे सायक्लोप्रोपेनमधला ताण. निकेलवर हायड्रोजन देऊन तापवलं की ते कडं असंच उघडतं आणि प्रोपेन होतं. सहाचं कडं ताणाशिवाय बसतं, आणि त्या आकाराला रसायनशास्त्रात खुर्चीच म्हणतात. तिला म्हणावं, त्या खुर्चीला आता मटार लावून बघ. काही मटार वर-खाली उभे राहतील आणि काही बाजूला कलतील. किती उभे आणि किती कललेले ते मोजून इथे लिही.